पगार वाढला, पण उरलं किती? पुणे की बंगळुरू



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. मेसेज थोड्याफार फरकाने एकच असतो. "दादा, पुण्यात जॉब आहे, बंगलोरची ऑफर आलीय, तीस-पस्तीस टक्के हाईक आहे, जाऊ का?" कोणी उलटं विचारतं, "बंगलोरमध्ये आहे, पुण्याला परत येऊ का?"

मी दोन्ही शहरांत राहिलोय. मूळचा कोल्हापूरचा. २०१९ला बीटेक झालं, लगेच पुण्यात लागलो. मध्ये लॉकडाऊनचा काळ घरी गेला, मग परत पुणे. जून २०२३पासून बंगळुरूत आहे. दोन्हीकडे भाडं भरलंय, ट्रॅफिकमध्ये बसलोय, टँकरचं पाणी वापरलंय. त्यामुळे आज कुठलं शहर भारी या भांडणात पडायचं नाही. वही उघडायची आणि हिशेब मांडायचा.

आधी रँकिंगचं बघू

आपण पहिलं काय करतो? 'बेस्ट सिटी टू लिव्ह इन इंडिया' सर्च करतो. म्हणून तिथूनच सुरू करतो.

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने २०१८मध्ये राहण्यायोग्य शहरांची यादी काढली होती. १११ शहरं होती. पहिला नंबर पुण्याचा. बंगळुरू कितवं? ५८वं. पुण्याच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा काय चाललं असेल, सांगायला नको. मग मार्च २०२१मध्ये पुढची यादी आली. दहा लाखांच्या वर लोकसंख्येच्या शहरांत पहिला नंबर बंगळुरूचा, दुसरा पुण्याचा.

आता सांगा, अडीच-तीन वर्षांत बंगळुरूत असं काय झालं की ते ५८वरून थेट पहिलं आलं? रस्ते तेच, सिल्क बोर्डचा सिग्नल तोच. बदलली ती मोजायची पद्धत. कुठल्या गोष्टीला किती मार्क द्यायचे, लोकांना काय विचारायचं, कोणती शहरं एका गटात टाकायची, हे बदललं की नंबर बदलतो. यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती शहराची आहे, तुमची नाही.

ट्रॅफिकचंही तसंच. "बंगलोरला नको रे बाबा, ट्रॅफिक!" हे पुण्यात बसून बोलणारे लोक मला फार आवडतात. टॉमटॉमचा २०२४चा जागतिक ट्रॅफिक अहवाल आहे. १० किलोमीटर जायला बंगळुरूत सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद आणि पुण्यात ३३ मिनिटं २२ सेकंद. फरक ४८ सेकंदांचा. जगात बंगळुरू तिसरं, पुणे चौथं. तेव्हा या मुद्द्यावर कुणीच कुणाला हसू नये.

माझंच सांगतो. पुण्यात वाकडला राहायचो, ऑफिस हिंजवडी फेज दोनला. अंतर साधारण सात किलोमीटर. बाईकवर चांगला दिवस असेल तर पंचवीस मिनिटं, पावसात पाऊण तास. बंगळुरूत कसवनहळ्ळीला राहतो, ऑफिस आऊटर रिंग रोडवर. अंतर सहा किलोमीटर. चांगल्या दिवशी अर्धा तास, पावसात देव जाणे. म्हणजे बरोबरी. ऑफिसच्या किती जवळ राहता यावर सगळं अवलंबून आहे, शहर दुय्यम आहे.

आता वही

मी काय केलं ते सांगतो. पुण्यातले शेवटचे सहा महिने आणि बंगळुरूतले सेटल झाल्यानंतरचे पहिले सहा महिने, या दोन्हींचे यूपीआयचे सगळे व्यवहार एका शीटमध्ये टाकले आणि महिन्याची सरासरी काढली. हा माझा खर्च आहे, तुमचा वेगळा येईल. पण कुठल्या ओळी लिहायच्या ते यातून कळेल.

पुण्यात हातात यायचे ९२,००० रुपये. बंगळुरूला गेल्यावर १,२४,०००. म्हणजे दर महिन्याला ३२,००० जास्त. ऐकायला मस्त वाटतं. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बत्तीस हजार? तेवढ्यात तर घर चालतं आपलं!"

टॅक्समध्ये शहरामुळे फार फरक पडत नाही. प्रोफेशनल टॅक्स दोन्ही राज्यांत जवळपास सारखाच आहे, वर्षाला अडीच हजारांच्या घरात. नवीन कररचना घेतली असेल तर घरभाड्याची सूट मिळत नाही, त्यामुळे भाडं जास्त भरलं म्हणून टॅक्स वाचेल असंही नाही.

आता खर्च. दोन्हीकडे दोघांत टू बीएचके होता, मी माझा अर्धा वाटा सांगतोय.

पुणे:
भाडं १३,५००
स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या मावशी ३,५००
वीज, गॅस, इंटरनेट १,६००
किराणा, भाजी, दूध ६,५००
पेट्रोल आणि येणंजाणं २,२००
बाहेरचं खाणं, फिरणं ५,०००
कोल्हापूरला महिन्यातून दोनदा जाणं-येणं १,८००
एकूण ३४,१००.

बंगळुरू:
भाडं आणि मेंटेनन्स मिळून २२,०००
कुक आणि कामवाली ५,०००
वीज, गॅस, इंटरनेट १,४००
किराणा ७,५००
येणंजाणं ३,८००
बाहेरचं ७,५००
घरी जाणं-येणं, वर्षाची सरासरी काढून, १,७००
एकूण ४८,९००.

म्हणजे खर्च १४,८०० ने वाढला. ३२,००० मधून १४,८०० गेले, राहिले १७,२००. वाढीतला जवळपास निम्मा भाग शहरानेच परत घेतला.

डिपॉझिट नावाची गंमत

इथे बरेच लोक हिशेब थांबवतात. पण अजून एक खर्च आहे, जो दर महिन्याच्या यादीत दिसतच नाही.

पुण्यात आम्ही दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट दिलं होतं. बंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांचं मागायची पद्धत होती. आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर आलंय. आम्ही पाच महिन्यांचं दिलं. चाळीस हजारांचा फ्लॅट, म्हणजे दोन लाख, माझा वाटा एक लाख. पुण्यात माझा वाटा होता सत्तावीस हजार. म्हणजे ७३,००० रुपये जास्तीचे अडकले. एफडीत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला पाच हजारांच्या वर व्याज आलं असतं.

शिवाय बंगळुरूत फ्लॅट सोडताना 'पेंटिंग चार्जेस' म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची पद्धत आहे. भिंतीवर एक डाग नसला तरी. अॅग्रीमेंटमध्येच लिहिलेलं असतं, वाचून घ्या. माझ्या वाट्याचे वीस हजार, दोन वर्षांत विभागले तर महिन्याला आठशे-साडेआठशे.

डिपॉझिटचं व्याज आणि पेंटिंग मिळून महिन्याला साधारण १,२५०. १७,२०० मधून हे वजा केलं की खरी वाढ उरते सुमारे १६,०००.

३२,००० चे १६,००० झाले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक कामाची गोष्ट सांगून पुढे जातो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते, माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. बंगळुरूत बहुतेक अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट स्टॅम्प पेपरवर करून मोकळे होतात. म्हणून तिकडे घर घेताना पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि ओनरला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घेताना हाच पुरावा कामाला येतो.

आणि बाईक नेणार असाल तर ऐका. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी लागते आणि तिथला रोड टॅक्स भरावा लागतो. जुनी गाडी असेल तर नेण्याआधी हा खर्च काढून बघा. मी माझी एमएच शून्य नऊ घरीच ठेवली. आता पप्पा तिच्यावरून बाजारात जातात.

जे स्वस्त आहे तेही सांगितलं पाहिजे

बंगळुरूत सगळंच महाग आहे असं नाही. सकाळचा नाश्ता घ्या. दर्शिनी म्हणतात तिकडे, उभ्याने खायची हॉटेलं. दोन इडल्या, एक वडा, फिल्टर कॉफी, शंभरच्या आत पोट भरतं, आणि स्वच्छ. मला पुण्यात या भावात असं रोज खाता येईल असं ठिकाण सापडलं नव्हतं. महाग पडतं ते रात्रीचं, अॅपवरून मागवलेलं. माझे साडेसात हजार तिथेच जातात.

भाकरीची आठवण आली तर उत्तर कर्नाटकच्या खानावळी आहेत. शब्दसुद्धा तोच, 'खानावळि'. ज्वारीची भाकरी मिळते, तिला जोळद रोट्टी म्हणतात. बरोबर भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. पहिल्यांदा गेलो तेव्हा ताट बघूनच बरं वाटलं. माझी आजी निपाणीकडची, तिच्या हातच्या जेवणाची आठवण झाली.

हवेचं म्हणाल तर बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे, पुणे साडेपाचशेच्या आसपास. फरक एप्रिल-मेमध्ये कळतो. २०२४चा उन्हाळा सोडला तर मला इथे एसीची गरज वाटली नाही. विजेचं बिल कमी येतं त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे गृहज्योती योजना. २०० युनिटच्या आत असाल तर मागच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढवून तेवढी वीज माफ, आणि ती भाडेकरूंनाही मिळते. ज्यांनी अजून नोंदणी केली नाही त्यांनी करून घ्या.

बसचं बघा. बीएमटीसीचा महिन्याचा साधा पास १,२०० रुपये आहे, पीएमपीचा आता १,५००. कर्नाटकात महिलांना साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे, जून २०२३पासून. पण त्यासाठी कर्नाटकातला रहिवासी असल्याचं ओळखपत्र लागतं. नव्याने गेलेल्या मुलींना पहिल्या दिवसापासून मिळेल असं समजू नका.

मेट्रोत उलटं आहे. पुण्यात जास्तीत जास्त तिकीट ३५ रुपये. बंगळुरूत फेब्रुवारी २०२५मध्ये भाडं वाढलं आणि कमाल तिकीट ९० रुपये झालं. मात्र बंगळुरूची मेट्रो २०११पासून धावतेय, तिचं जाळं मोठं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये इलेक्ट्रॉनिक्स सिटीकडे जाणारी यलो लाइनही सुरू झाली. पुण्याची मेट्रो सुरू झाली मार्च २०२२ला. हिंजवडीच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ला झालं आणि त्यानंतर मुदतीवर मुदत. मी पुण्यात जॉइन झालो तेव्हापासून सोडेपर्यंत "मेट्रो आली की वाकडचं भाडं वाढणार" हे ऐकलं. भाडं काही मेट्रोची वाट बघत थांबलं नाही.

पाणी

क्वालिटी ऑफ लाईफ म्हटलं की लोक कॅफे आणि पार्क सांगतात. मी पाणी सांगतो.

बंगळुरूला मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास अर्धा किलोमीटर उंचीवर चढवून आणावं लागतं. शहराच्या कडेच्या भागात, म्हणजे जिथे आपण आयटीवाले राहतो तिथे, बरीच वर्षं बोअरवेल आणि टँकरवरच भागत होतं. २०२४च्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीची बोअर आटली. लिफ्टमध्ये नोटीस लागली, पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. तीन महिने मेंटेनन्स दीड हजारने वाढला. मीटिंगच्या मध्येच "पाणी आलं" असा रूममेटचा मेसेज यायचा आणि मी कॅमेरा बंद करून बादल्या भरायला पळायचो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, कडेच्या ११० गावांसाठी. त्यानंतर काही भागांत बरं झालंय.

पुण्याचं नशीब चांगलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं शहराच्या वरच्या अंगाला. पण पाणी धरणात असणं आणि नळाला असणं यात फरक आहे. वाकड, बाणेर, वाघोली, उंड्री, कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला टँकरचं बिल विचारा. आणि जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गावाकडे जीबीएसचे रुग्ण सापडले, तेव्हा दूषित पाण्याचाच प्रश्न पुढे आला.

दोन्ही शहरांत आधी टॉवर येतो, मागून पाइपलाइन. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा बाल्कनीतला व्ह्यू नंतर बघा. आधी वॉचमनला विचारा, "काका, उन्हाळ्यात टँकर किती येतात?" तो खरं सांगतो, ब्रोकर सांगणार नाही.

बंगळुरूने मला काय दिलं

आता त्या १६,००० कडे येतो.

२०२३ला माझ्या डोक्यावर साडेचार लाखांचं एज्युकेशन लोन शिल्लक होतं. हप्ता ९,५००. दोन्ही शहरांत तेवढाच, म्हणून वरच्या यादीत घेतला नाही. त्या हप्त्याने पाच वर्षं लागली असती. बंगळुरूतले जास्तीचे १६,००० मी दर महिन्याला त्याच लोनमध्ये टाकले. वीस महिन्यांत लोन संपलं. पप्पा गॅरेंटर होते. बँकेचं नो ड्यूज सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं.

दुसरी गोष्ट नोकरीची. इथे एकाच रस्त्यावर इतक्या कंपन्या आहेत की जॉब बदलला तरी घर बदलावं लागत नाही. आमच्या टीममधून एकाला काढलं, दीड महिन्यात त्याला दोन किलोमीटरवर दुसरा जॉब लागला. पुण्यातही कंपन्या भरपूर आहेत, पण माझ्या कामाच्या, म्हणजे प्रॉडक्ट आणि प्लॅटफॉर्मच्या जागा मला इथे जास्त दिसल्या. लेऑफच्या दिवसांत ही गोष्ट पगारापेक्षा मोठी वाटते.

आणि भाषेची भीती घेऊन येऊ नका. पन्नास वाक्यं शिका, तेवढी पुरतात. 'एष्टु' म्हणजे किती, 'स्वल्प' म्हणजे थोडं, हा तर आपलाच शब्द आहे. कामाला येणाऱ्या बाईंना 'अक्का' म्हणायचं. कोल्हापूरकडे मोठ्या बहिणीला आम्हीही अक्काच म्हणतो. मोडकंतोडकं बोललात तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. पुण्यात येऊन कुणी दोन वाक्यं मराठी बोललं की आपल्याला कसं वाटतं? तसंच.

मग अडतं कुठे

वहीत एक ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली. घरी घालवलेले दिवस.

पुण्यातून कोल्हापूर २३० किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी निघालो की रात्री घरी. महिन्यातून दोन वीकेंड, म्हणजे वर्षाचे ४८ दिवस. बंगळुरूहून कोल्हापूर सहाशे किलोमीटरच्या वर. रात्रभर स्लीपर बस. शनिवारी सकाळी पोचायचं, रविवारी संध्याकाळी परत. हे दर महिन्याला शरीराला झेपत नाही. सहा-सात आठवड्यांतून एकदा होतं. वर्षाच्या आठ फेऱ्या, १६ दिवस.

४८ वजा १६. वर्षाला ३२ दिवस कमी.

आता महिन्याचे १६,००० म्हणजे वर्षाचे १,९२,०००. भागिले ३२ दिवस. उत्तर येतं ६,०००.

मंडळी, हा माझा खरा कॉस्ट ऑफ लिव्हिंग आहे. बंगळुरूत राहून मी घरचा एक दिवस सहा हजार रुपयांना विकतोय.

हे मी रडत सांगत नाहीये. जोपर्यंत लोन होतं तोपर्यंत हा भाव मला मान्य होता. आई-पप्पांनाही होता. आईने स्वतः सांगितलं होतं, "बाळा, आधी ते कर्ज फेड, आम्ही कुठे पळून चाललोय." लोन संपलं, आता तेच पैसे एसआयपीत जातात. चांगलंच आहे. पण लोन फेडायला विकलेला दिवस आणि एसआयपीसाठी विकलेला दिवस यांची किंमत मला सारखी वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात पप्पांना छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी झाली, आता ठणठणीत आहेत. पण त्या दिवशी चुलतभाऊ दहा मिनिटांत पोचला. मला सकाळी सातला फोन आला आणि मी रात्री अकराला पोचलो. फॉर्मवर सही त्याने केली. पुण्यात असतो तरी मी दहा मिनिटांत पोचलो नसतो, हे खरंय. पण दुपारच्या आत नक्की पोचलो असतो. हे कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये टाकता येत नाही.

तुमचं उत्तर माझ्यासारखं येणार नाही

माझा रूममेट जबलपूरचा आहे. त्याला पुणे काय आणि बंगळुरू काय, घर लांबच. वर्षातून दोनदा जातो, विमानाने. त्याच्या वहीत घरच्या दिवसांचा फरक शून्य आहे. त्याच्यासाठी जास्तीचे १६,००० म्हणजे निव्वळ फायदा. तो इथे राहतोय ते अगदी बरोबर आहे.

नागपूरकडच्या, चंद्रपूरकडच्या मित्रांनो, तुम्हालाही पुणे एका रात्रीच्या प्रवासावरच आहे. 'आपलंच राज्य' म्हणून पुणे जवळचं वाटतं, पण तिकीट काढताना कळतं. तुम्ही हैदराबादही हिशेबात घ्या. उलट कुणी सातारा, सांगली, नगर, नाशिककडचे असाल तर पुण्याचा भाव तुमच्यासाठी वेगळा आहे. बेळगाव, निपाणीकडच्यांचं अजून वेगळं.

म्हणून कुणी "बंगलोर भारी" किंवा "पुण्यासारखं सुख नाही" म्हणालं की त्याला एकच विचारा, "तुझं घर कुठे आहे?"

आता तुमची वही कशी करायची ते पटकन सांगतो.

पहिलं, सीटीसी विसरा. हातात किती येणार ते लिहा. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, तो दर महिन्यात धरू नका.

दुसरं, भाडं शहराचं काढू नका. ज्या ऑफिसला जायचंय तिथून पाच-सात किलोमीटरच्या आतलं काढा. कोथरूडचं भाडं बघून हिंजवडीच्या जॉबचा हिशेब होत नाही आणि जयनगरचं बघून व्हाइटफील्डचा होत नाही.

तिसरं, डिपॉझिट, ब्रोकरेज, पेंटिंग, सामान नेण्याचा खर्च, सगळं मिळवा आणि चोवीस महिन्यांत विभागा.

चौथं, दोन शहरांतल्या शिलकीचा फरक काढा. पगाराचा नाही, शिलकीचा.

पाचवं, त्या शहरात राहून वर्षातले किती दिवस तुम्ही तुमच्या माणसांबरोबर असाल ते लिहा. माणसं म्हणजे आई-वडीलच असं नाही. जोडीदार असेल, मित्र असतील, नाटकाचा ग्रुप असेल, टेकडीवर सोबत चढणारी गँग असेल. कुणाला घरापासून लांबच राहायचं असतं, तेही ठीक आहे, तेही प्रामाणिकपणे लिहा. मग भागाकार करा आणि जो आकडा येईल तो मोठ्याने वाचा. पटला तर बॅग भरा.

सहावं, हे दर एप्रिलमध्ये परत करा. उत्तर बदलतं. माझं बदललं.

माझं काय

मी कंपनीकडे पुण्याच्या ऑफिसला बदली मागितलीय. मिळाली तर हातातले पैसे साधारण पंधरा हजारांनी कमी होतील. खर्चही जवळपास तेवढाच कमी होईल. म्हणजे पैशांत बरोबरी आणि वर्षाचे ३२ दिवस परत. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. पुण्यातली टीम लहान आहे. मॅनेजरने स्पष्ट सांगितलंय की प्रमोशनला वर्ष-दीड वर्ष जास्त लागेल. पुढचा जॉब शोधायची वेळ आली तर इथल्याइतके पर्याय दारात नसतील. इथले मित्र, रविवारचं कब्बन पार्क, ती शंभरच्या आतली इडली, हे सगळं सुटेल. ते मला माहीत आहे आणि तरी मागितलीय. उत्तर अजून आलेलं नाही. नाही मिळाली तर मी राजीनामा टाकणार नाही. वर्षभर इथेच थांबेन आणि सहाच्या ऐवजी नऊ-दहा आठवडे सलग काम करून घरी एकदम आठ दिवस जाता येतं का, ते बघेन. पप्पांना पुढच्या महिन्यात डॉक्टरकडे दाखवायचंय, त्याची रजा टाकून झालीय.

तुमची वही झाली की तुमचा तो एका दिवसाचा आकडा मला नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये होम लोन की भाडं हा विषय घेऊ, त्यात अजून भांडणं होणार आहेत.

तोपर्यंत काळजी घ्या, आणि आज घरी एक फोन करा. भेटूया.